एकाच नावाच्या दोघी

"कोन्ती? पुरं सांग."

कुणाचंही नाव निघालं की ती आधी हे विचारायची. शांताला मुलगी झाली म्हटलं तरी कोणती शांता, कुणाच्या घरची, हे कळल्याशिवाय तिला आनंद करता येत नसे. कापूस वेचताना आम्ही बाया तिला हसायचो. ती म्हणायची, "हासा. तुमी आपापल्या नावाच्या एकल्याच हा."

घाटंजीला ती आमच्या शेजारी राहायची. मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी आणली. लग्नात नवरीचं नाव बदलतात, तुम्हाला ठाऊकच आहे. त्यानं ताटातल्या तांदळात बोटानं पहिलीचंच नाव लिहिलं. म्हणाला, "तोंडात बसलं हाय, आता नवीन कायले?" मंडपात सगळे हसले. तिनंही पदर तोंडाला लावला. मला वाटलं, हसतेच आहे.

मग त्यानं हाक मारली की दोघी उठायच्या. "तुले नाही, तिले," तो म्हणायचा. हळूहळू ही पहिली उठेनाशी झाली.

बोरी अरबच्या तिच्या बापानं तिला एक वावर घेऊन दिलं होतं, तिच्या सासरी ठेवलेल्या नावावर. तेवढंच तिचं. नवऱ्याला ते विकायचं होतं आणि ही अंगठा देत नव्हती. आमचा भाग मुंबई राज्यात गेला त्या सुमारास पटवारी कुणाची जमीन कुणाची हे विचारायला चावडीत बसला. त्यानं तिचं नाव पुकारलं. नवऱ्यानं दुसरीला पुढं केलं.

"थे मी हावो," ही म्हणाली. इतक्या मोठ्यानं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

पटवारी म्हणाला, नाव तेच, नवरा तोच, गाव तेच, मग तूच कशावरून? तिनं बापानं ठेवलेलं नाव सांगितलं. ते कागदावर कुठंच नव्हतं. तिच्या लग्नात जेवून गेलेले पंच खाली बघत राहिले. शेवटी नवऱ्यालाच विचारलं. त्यानं दुसरीकडं बोट केलं.

वावर विकलं गेलं. ती भावाकडं निघून गेली.

काही वर्षांनी बोरी अरबहून माणूस आला. ती वारली, असं त्यानं तिचं सासरचं नाव घेऊन सांगितलं. नवरा ओट्यावर चार जणांत बसला होता.

"माई बायको तं जित्ती हाय," तो म्हणाला. "चुलीपाशी बसली हाय, पाहून घ्या."

दोघं-तिघं हसले. माणूस पाणीही न घेता परतला. त्या घरात सुतक पाळलं नाही.

कुडाच्या फटीतून मला त्यांचं मागचं अंगण दिसत होतं. दुसरी तिथं एकटीच आली, केस सोडले आणि लुगड्यासकट डोक्यावरून गार पाणी ओतून घेतलं.