शलमोनचं उष्टं

हसणार असाल तर आधीच हसून घ्या, नाहीतर चहा नाकात जाईल. आणि मला पस्तावा वगैरे काही झालेला नाही, हेही सांगून ठेवतो.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. वैरण संपली, म्हणून मी घोडेगावच्या बाजारात बैल विकायला नेला. गिऱ्हाईक पटलं, भाव ठरवायला रुमालाखाली हात गेले, तेवढ्यात माझा चुलतभाऊ शलमोन तिथं टपकला आणि म्हणाला, "ह्यो जुवाखाली बसतो, बरं का."

बसायचा, ते खरं. पण विचारलं कोणी होतं?

गिऱ्हाईक गेलं. मी तिथंच शपथ घेतली, की तुझ्या घरचं पाणी पिणार नाही आणि तू तोंड लावलेलं भांडं माझ्या तोंडाला लावणार नाही. तोही उलटून तेच म्हणाला.

रविवारी आमच्या ख्रिस्ती देवळात बसल्यावर घोटाळा लक्षात आला. आमच्याकडे दर रविवारी प्रभुभोजन. वेदीपुढच्या कठड्याशी ओळीनं गुडघे टेकायचे. पाळकसाहेब आधी भाकरीचा तुकडा देतात, मग द्राक्षारसाचा प्याला. प्याला सगळ्या मंडळीत एकच. उजवीकडून निघतो आणि तोंडातोंडानं डावीकडे जातो.

आता शलमोनपायी मी प्रभुभोजन सोडू? छट्. मी उजव्या टोकाला पहिला जाऊन बसलो.

पण तोही माझाच भाऊ. पुढच्या रविवारी घंटेच्या आधी येऊन त्यानं ती जागा धरली. त्या दिवशी मी कठड्याकडे गेलोच नाही, आणि खोटं कशाला बोलू, आठवडाभर घास गोड लागला नाही. मग मी झाडलोटीच्या आधी जाऊ लागलो. मग तो कुलूप उघडायच्या आधी. शेवटी कोंबडा आरवायला दोघंही देवळाच्या पायरीवर, एकमेकांकडे पाठ करून. जो मागं राहील तो त्या रविवारी उपाशी.

पाळकसाहेब नवीन होते, स्वभावानं भाबडे. त्यांना वाटलं, काय ही भक्ती! उपदेशात आमची नावं येऊ लागली. एका रविवारी तर त्यांनी मला उभंच केलं. म्हणाले, दर आठवड्याला या प्याल्याची एवढी ओढ कशी लागते, ते मंडळीला सांगा.

बोलायला मी कुणाला ऐकतो? सुरू झालो. "माझ्या आज्याला गावात वरनं पानी वतायचे, वंजळीत. भांड्याला हात लावू द्यायचे न्हाईत. त्यो हितं आला, तवा पहिल्यांदा कुनीतरी आपल्या तोंडचा प्याला त्याच्या तोंडाला लावला. त्यो लई रडला. म्या दर रविवारी प्याला घेतो, तवा मला आजा आठवतो. कारन हितं कुनाचं उष्टं कुनाला..."

वाक्य तिथंच अडकलं. बायकांच्या बाजूला माझी बायको तोंडाला पदर लावून बसली होती. शलमोन माझ्याकडे बघत होता. आजा त्याचाही तोच.

मी गुमान उजव्या टोकाला जाऊन गुडघे टेकले. शलमोन उठला आणि येऊन माझ्या डावीकडे बसला. म्हणजे माझं उष्टं घ्यायला! सगळ्यांदेखत हा मोठा होणार आणि मी बघत बसणार? मी उठलो आणि त्याच्या डावीकडे बसलो. तो उठला आणि माझ्या डावीकडे. असं करत करत कठडा संपला, भिंत आली. भिंतीपाशी मी होतो. जिंकलो.

पाळकसाहेब उजव्या टोकाला प्याला धरून उभेच. मग मधल्या मोकळ्या जागेत मंडळी बसली, प्याला सरकत आला. शलमोननं घोट घेतला, मग मी. डोळे भरले माझे, भरले तर भरले.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "चल घरी."

पण मी शपथ मोडली असं कुणी म्हणायचं नाही. शलमोनच्या ह्या घरचं पाणी मी आजही पीत नाही. चहा पितो, तोही ह्याच्याच कपातला अर्धा, हा बघा, बशीत. विचारा त्याला, समोरच बसलाय. पण बैलाचं तेवढं विचारू नका.