आंबूस वासाची ट्यूब

गाडीच्या इंजिनाला कॉम्प्युटर असतो हे आमच्याकडं निम्म्या लोकांना तो बिघडल्यावरच कळतं. वहीएवढा ॲल्युमिनियमचा डबा, आत एक सर्किटचं कार्ड. बिघडला की शोरूमवाले तो उघडत नाहीत, अख्खा बदला म्हणतात. कुपवाडला माझं दुकान आहे ते असे डबे उघडण्यासाठीच. आलेल्या प्रत्येकाला माझं एक भाषण ठरलेलं असतं. डबा चांगला आहे हो, आतला हरभऱ्याएवढा एक भाग गेलाय, तेवढ्यासाठी सगळा फेकायचा का? हे भाषण मला फार आवडतं. ते देताना मी उगाच ताठ होतो, असं बायको म्हणते.

तासगावचा एक मिस्त्री मला हे डबे आणून द्यायचा. आम्ही दोघं एकाच एसटीनं आयटीआयला जायचो, तो मोटार मेकॅनिकला, मी इलेक्ट्रॉनिक्सला. दोष डब्यातच आहे अशी खात्री झाल्याशिवाय तो कधी आला नाही. त्याच्याबद्दल माझी एकच तक्रार होती. खंडेनवमीला तो गिऱ्हाइकांच्या गाड्या फुकट धुऊन द्यायचा, आणि धुवायचा म्हणजे बॉनेट उघडून, पंपाच्या फवाऱ्यानं, इंजिनसकट. अरे, तिथं कॉम्प्युटर असतो, म्हणून मी दरवर्षी ओरडायचो. "वरसातनं एकदा हत्यारं धुवायची, पुजायची. इंजिन काय, हत्यारच की ते," असं म्हणून तो हसायचा.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात तो एका माजी सुभेदारांना घेऊन आला. त्यांची गाडी चालता चालता बंद पडायची, आणि त्यांच्या बायकोला आठवड्यातून दोनदा मिरजेला डायलिसिसला न्यावं लागायचं. नवीन डबा यायला बरेच दिवस लागणार होते. "तवर हिला एसटीत उभी करू का?" त्यांनी मला विचारलं. मी माझं भाषण केलं आणि डबा उघडला. दुपारपर्यंत दोष सापडला, सोल्डरचा एक जोड तडकला होता. तो नीट केला, दारातल्या गाडीला डबा जोडून बघितला, इंजिन छान चाललं.

राहिलं होतं ते झाकण. पाणी जाऊ नये म्हणून झाकणाच्या कडेनं सिलिकॉन भरावं लागतं. सर्किटला चालणारं सिलिकॉन वेगळं असतं, ते मी पुण्याहून मागवतो, आणि नेमकं ते संपलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी डायलिसिस होतं. सुभेदार बाकावर बसून घड्याळ बघत होते. मी समोरच्या हार्डवेअरच्या दुकानातून बाथरूमच्या फटी बुजवायची ट्यूब आणली. तिला एक आंबूस, नाकात झोंबणारा वास असतो. तो वास ॲसिडचा, आणि बंद डब्यात ते ॲसिड हळूहळू तांब्याला खातं. हे मला माहीत होतं. एवढ्याशानं काय होतंय, असं मनाशी म्हणून मी झाकण लावून टाकलं.

दिवाळीनंतर गाडी मिरजेच्या रस्त्यावरच बंद पडली. मागच्या सीटवर बाई होत्या. रिक्षा मिळेपर्यंत तासभर त्या उन्हात बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी सुभेदार आणि मिस्त्री दोघंही डबा घेऊन माझ्यापुढं उभे राहिले. मी झाकण काढलं. सिलिकॉनच्या रेषेला धरून कार्डावर हिरवट पांढरी भुकटी आली होती आणि तांब्याच्या तारा खाल्ल्या गेल्या होत्या. पाण्यानं असं होत नाही. पाणी खालच्या कोपऱ्यात साचतं, तिथं डाग पडतात. माझी चूक मला एका नजरेत दिसली.

"काय झालंय?" सुभेदारांनी विचारलं.

"पाणी गेलंय," मी म्हणालो.

आमच्या धंद्यात हे उत्तर जिभेवर तयारच असतं. तरी लगेच शब्द मागं घेता आले असते. पण तेवढ्यात मिस्त्री खाली मान घालून म्हणाला, "खंडेनवमीला म्याच धुतली हुती, साहेब."

सुभेदार त्याच्याकडं वळले. त्यांनी शिवी दिली नाही. "माझी बायकू रस्त्यावर बसली हुती, तुझ्या धुण्यापायी," एवढंच म्हणाले. मी कार्ड भिंगाखाली धरून बघत राहिलो. बघण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं, पण मान वर करायची माझी हिंमत झाली नाही.

त्या दिवशी मी तारांच्या जागी तारा जोडल्या, पुण्याचं सिलिकॉन भरलं, गाडी आजही व्यवस्थित चालते. मिस्त्रीचं मात्र व्हायचं ते झालं. सुभेदारांच्या भावकीत घरटी एक गाडी, त्या सगळ्या दुसऱ्या गॅरेजला जाऊ लागल्या. त्यानं पाणी मारून कॉम्प्युटर घालवला, ही गोष्ट बाजारात चहाच्या टपरीवर सांगितली जाऊ लागली. एकदा त्याचा फोन आला. "तू दरसाली सांगत हुतास, म्या ऐकलं न्हाई. तुझंच खरं हुतं, गड्या." मी म्हणालो, "असू दे रे." जणू मीच मोठ्या मनानं त्याला माफ करत होतो. त्या फोनची मला जितकी लाज वाटते तितकी त्या ट्यूबचीही वाटत नाही.

गेल्या खंडेनवमीला मात्र घरी हत्यारं पुजताना सोल्डरिंगच्या मशीनवर झेंडूचं फूल ठेवायला माझा हात होईना. तसाच उठलो आणि तासगावला गेलो. गॅरेजमध्ये पाने-पक्कडी धुऊन मांडल्या होत्या, दारात एकच गाडी होती, आणि मिस्त्री ओल्या फडक्यानं तिचं बॉनेट वरूनच पुसत होता. मी उभ्या उभ्या त्याला सगळं सांगितलं, ट्यूब कुठली होती इथपासून. तो चार शिव्या देईल अशी माझी तयारी होती. खरं सांगायचं तर मला त्या हव्या होत्या.

त्यानं फडकं पिळलं. मग म्हणाला, "त्या ट्यूबनं आणि किती डबं बंद केलंस?"

पुण्याचं पार्सल त्या वेळी आठवडाभर लांबलं होतं आणि ट्यूब दुकानात पडून होती. वर्षभर मी माझ्या लाजेला कुरवाळत बसलो होतो, त्या गाड्यांचा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नव्हता. दुरुस्त केलेल्या प्रत्येक डब्याचा मी मोबाइलवर फोटो काढतो. आम्ही तिथंच बसून त्या आठवड्यातले फोटो शोधले. आणखी तीन डबे निघाले.

"लाव फोन," तो म्हणाला.

पहिला गडी विट्याचा निघाला. मी माझी चूक सांगितली, डबा घेऊन या, नव्यानं बंद करून देतो म्हणालो. फोन स्पीकरवर होता. "आवं, गाडी तर झ्याक चाललीया," तो म्हणाला. "तरीबी सोताहून सांगताय? लय मोठं मन हाय तुमचं. अशी मानसं ऱ्हायली न्हाईत आता." मिस्त्री शेजारी बसून ऐकत होता. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पुढचे दोन फोन मी स्पीकर बंद करून केले.

"झालं," मी म्हणालो.

"सुभेदारांचा नंबर हाय का तुझ्याकडं," त्यानं विचारलं, "का देऊ?"

त्यांचा डबा मी नीट करून दिला होता, म्हणून त्यांना मी मोजलंच नव्हतं. मिस्त्री फडकं हातात घेऊन माझ्यापुढं उभा राहिला, आणि फोन लागेपर्यंत हलला नाही.