प्रसादाला नाही म्हणायचं नसतं

आमच्यात आषाढात देवीचा नैवेद्य असतो. आम्ही विणकरांच्या घरातले, घरात तेलुगू आणि दारात मराठी. बायका डोक्यावर भाताचा घट घेऊन देवळात जातात, देवीपुढं ताडीसारखी शिंदी ठेवतात, आणि ती शिंदी मग घरातल्या थोरल्या पोरानं आधी घ्यायची. असं का, ते मला विचारू नका. मी लग्न होऊन आले तेव्हापासून असंच आहे. एकदा आमच्या दिरानं पोट बिघडलंय म्हणून पेला बाजूला सारला, तर अत्तम्मांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सगळ्या गल्लीसमोर त्याला झापलं होतं. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, एवढंच त्यांचं म्हणणं.

प्रसाद म्हणजे पळीभर की हो! पण आमच्या ह्यांनी त्या दिवशी तांब्या रिकामा केला, आणि वर दिराचा टेम्पो चालवायला बसले. रविवार होता, दुपारची वेळ. मागं आम्ही बायका, पोरं, रिकामे घट. मी दोनदा म्हणाले, "अहो, भाऊजींना चालवू द्या." हे हसले. अक्कलकोट रोडला नाकाबंदी होती. पोलिसांनी मशीन तोंडाला लावलं, फुंकायला सांगितलं, आणि चिठ्ठी बाहेर आली. अत्तम्मा मागनं ओरडत होत्या, "दारू नाही साहेब, देवीचा प्रसाद आहे!" तो पोलीस बिचारा आमच्या घटांकडे बघत राहिला. मग त्यानं केस केली ती केलीच.

आता सांगते की ह्यांची नोकरी काय. हे शाळेची बस चालवायचे. आमची मुलगी त्याच शाळेत, त्याच बसमध्ये जायची. मी घरी टॉवेलच्या कडा शिवते, पण घर चालायचं ते बसवर. शाळेत कळायला वेळ लागला नाही. मुख्याध्यापिका बाईंनी बोलावून शांतपणे सांगितलं, निकाल लागेपर्यंत घरी बसा, निर्दोष सुटलात तर परत या, नाहीतर येऊ नका. म्हणजे सगळं त्या लायसन्सवर आलं. ते राहिलं तर आम्ही राहिलो.

कोर्टाच्या आवारात एक ओळखीचा माणूस भेटला, असली कामं करून देणारा. म्हणाला, "वहिनी, कशाला डोक्याला ताप? गुन्हा कबूल म्हणायचं, दंड भरायचा, जेवायला घरी. सगळे तेच करतात." मला पटलं होतं. खोटं कशाला बोलू, मला तर सुटल्यासारखं झालं होतं. पण भिंतीवर पाटी होती, गरिबांना वकील मोफत मिळतो म्हणून. मी म्हटलं, विचारायला काय जातंय?

वकीलबाई माझ्यापेक्षा लहान होत्या. त्यांनी चिठ्ठी पाहिली, कागद पाहिले आणि डोक्याला हातच लावला. "ताई, कबूल केलं की शिक्षा झाल्यासारखंच आहे. लायसन्स निदान सहा महिने जाणार आणि शाळा त्यांना परत उभं करणार नाही. दंड भरून सुटका होते असं लोकांना वाटतं, तिथंच फसतात." मग त्यांनी समजावलं की रक्त तपासलेलं नाही, मशीन नीट आहे याचा कागद जोडलेला नाही, भांडायला जागा आहे. न्यायाधीश विचारतील, गुन्हा कबूल आहे का. ह्यांनी फक्त एक शब्द बोलायचा, 'नाही'. पुढचं सगळं त्या बघणार होत्या.

एक शब्द! मला वाटलं देवी पावली. मी घरी येताना पोरीला जिलेबी घेतली.

हे ऐकत ऐकत जिलेबीचा पुडा सोडत होते. मग म्हणाले, "म्हणजे प्यायलोच नाही असं सांगायचं?"

"तसं नाही हो. गुन्हा कबूल नाही एवढंच म्हणायचं."

"एकच की ते."

आणि तेवढ्यात अत्तम्मा आतून आल्या. त्यांच्या हातानं ओतलेला प्रसाद पोरानं कोर्टात नाकारायचा? देवी घरात रुसली तर? नात आहे घरात, तिच्या अंगावर निघालं तर कोण जबाबदार? मी म्हणाले, "आणि लायसन्स गेलं तर नातीला खायला देवी घालणार का?" असं बोलायला नको होतं, पण माझी जीभ अशी आहे. त्या दिवसापासून घरात दोन चुली मांडल्यासारखं झालं. अत्तम्मा माझ्या हातचा चहा घेईनात. गल्लीतल्या बायका येऊन मलाच शहाणपण शिकवायच्या. दीर म्हणायचा, वहिनी म्हणते तसं कर. हे दोघांचं ऐकायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे.

मला श्वास घ्यायला जागा उरली नव्हती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. देवीची भीती मला नव्हती असं समजू नका. पोरीला जरा कणकण आली की मी देवीपुढं दिवा लावायचे, आणि रिक्षानं तिला शाळेत सोडताना ती बस दिसली की घरखर्चाचा हिशेब मांडायचे. तारखेच्या आदल्या दिवसापर्यंत मी ह्यांच्याकडून घोकून घेतलं. "नाही. म्हणा बघू. नाही." लहान पोराला पाढे शिकवावे तसं. हे म्हणायचे, "नाही." बरोबर म्हणायचे.

पुकारा झाला. हे पुढं जाऊन उभे राहिले, इस्त्रीचा शर्ट, केस चोपडून बसवलेले. न्यायाधीश मॅडमनी कलम वाचलं आणि विचारलं. वकीलबाईंनी ह्यांच्याकडे बघून मान हलवली. मी मागच्या बाकावर ओठ हलवत होते.

"कबूल आहे मॅडम," हे म्हणाले. "प्रसाद घेतला होता. प्रसादाला नाही म्हणणार नाही."

मॅडमनी परत विचारलं, परिणाम माहीत आहेत का, वकिलांशी बोलायचंय का. वकीलबाई उठून काहीतरी बोलू लागल्या. हे म्हणाले, "कुणी सांगितलं म्हणून नाही, मीच म्हणतोय." झालं. दंड झाला, लायसन्स गेलं. माझ्या तोंडून एकच निघालं, "कप्पाळ माझं!" आणि शिपायानं मला गप्प बसायला सांगितलं.

बाहेर आल्यावर वकीलबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी मात्र गेटपर्यंत ह्यांचा उद्धार केला. लोक वळून बघत होते, बघू देत. गल्लीत पोचलो तर अत्तम्मांनी दारात पोराची दृष्ट काढली. खरं बोलला, देवीला जागला, असं कौतुक सुरू झालं. कोपऱ्यावरच्या टेलरनं तर हार आणला. ह्यांनी तो गळ्यात घालू दिला, तेव्हा मला त्या हारानंच त्यांचा गळा आवळावासा वाटला. राग आला म्हणजे लई आला.

शाळेनं दुसरा ड्रायव्हर घेतला. हे घरी बसले आणि माझ्याबरोबर टॉवेलच्या घड्या घालू लागले. एका सकाळी कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला. आमची मुलगी आता पुन्हा त्या बसनं जायला लागली होती. ह्यांच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"एक सांगू का? चिडू नको."

मी मशीन थांबवलं.

"मी त्या दिवशीच घेतली असं नाही. शाळेच्या दिवशीपण घ्यायचो. सकाळी थोडी, दुपारी पोरं सोडायच्या आधी थोडी. सवय झाली होती. पोरं मागं गाणी म्हणायची, आणि मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून बसायचो. एकदा सिग्नल दिसलाच नाही. कुणाला काही झालं नाही. पण मला वाटायचं, कुणीतरी धरावं आता. वकीलबाईंनी सोडवलं असतं तर सोमवारी परत बसमध्येच बसायचं होतं मला."

"मग प्रसादाचं कशाला सांगितलंत?"

"अम्माला दुसरं काय सांगणार?"

मला आधी काही कळलंच नाही. मग आठवलं की आमची पोरगी पहिल्या सीटवर बसायची, वडलांच्या मागं, ऐटीत. आणि मी कोर्टाच्या पायऱ्या झिजवून, पाटी वाचून, अर्ज करून ह्याच माणसाला परत तिथं बसवायला निघाले होते. मी खूप रडले. त्यांना मारलंसुद्धा, टॉवेलच्या गठ्ठ्यानं. ते बसून राहिले. शेवटी म्हणाले, "अम्माला सांगू नको." आणि मी मूर्ख, पोरीची शपथ घालून त्यांना दारू सोडायला लावली आणि मीही शपथ घेतली की अत्तम्मांना कळणार नाही.

सोडली आहे, असं ते म्हणतात. मी रोज त्यांच्या तोंडाजवळ जाते. नवऱ्याच्या जवळ जायचं ते आता एवढ्यासाठीच उरलंय.

सहा महिन्यांनी लायसन्स परत मिळालं. घरात सण झाला. लगेच एका छोट्या शाळेतून फोन आला, व्हॅनसाठी माणूस हवा आहे, तुमच्या मालकांचं नाव कुणीतरी सुचवलं, प्रामाणिक आहेत म्हणाले. फोन माझ्या हातात होता. अत्तम्मा जवळच बसून शेंगा सोलत होत्या, त्यांनी सगळं ऐकलं. हे दारात उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. वाटलं, आता तरी हा माणूस बोलेल, अम्मा, मला नको ते काम. ते माझ्याकडेच बघत राहिले, मी काय बोलते ते ऐकायला.

"नाही," मी म्हणाले. "ते आता पोरांची गाडी चालवत नाहीत."

अत्तम्मांनी शेंगांचं ताट बाजूला सारलं. देवीनं दिलेली भाकरी सुनेनं हिसकावली, असं त्या आता येईल त्याला सांगतात. तेलुगूत सांगतात, मराठीत सांगतात, पाहुण्यांसमोर, माझ्या माहेरच्यांसमोर. मी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाते. हे शेजारीच जेवत असतात. भात मागून घेतात आणि खाली मान घालून जेवतात.