अविवाहित असल्याचा दाखला

लष्कराच्या भरतीला जाणाऱ्या मुलाला सरपंचाच्या सहीचे दोन दाखले लागतात. एक, तो अविवाहित असल्याचा. दुसरा, त्याचं चारित्र्य चांगलं असल्याचा. आमच्या गावातल्या मुलांना हे दोन्ही कागद हातातला चहा संपायच्या आत मिळतात. नाक्यावर दिवसभर मोटारसायकली फिरवणाऱ्यांनाही मिळतात. माझ्या मुलीला ते मिळवायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांतला राग अजून माझ्या अंगातून गेलेला नाही, आणि जावा अशी माझी इच्छाही नाही.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. माहेर पेणचं, सासर वडखळच्या पलीकडे, खाडीला लागून असलेल्या गावात. आमचे हे कंपनीत शिफ्टला जातात. आम्हाला एकच मुलगी. बारावी झाल्यापासून ती रोज पहाटे उठून खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधावर धावायला जायची. मला वाटलं, पोरगी तब्येत करतेय. एक दिवस तिने सांगितलं की लष्करी पोलिसात मुलींना शिपाई म्हणून घेतात, तिने अर्ज भरलाय आणि लेखी परीक्षेचा अभ्यासही सुरू केलाय.

मी नाही म्हटलं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटेल की मी मोठी पुढारलेली आई आहे. मी तिला चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, मास्तरीण हो, नर्स हो, बँकेत जा, बंदूक कशाला? ती म्हणाली, "पोरगे जातात तवा त्यांच्या आया पेढे वाटतात. मीच काय केलंय?" मग माझ्या तोंडून निघून गेलं, "उद्या तुझं काही बरंवाईट झालं, कोणाच्या हाती सापडलीस, तर आम्ही तोंड कुठे दाखवायचं?" ती आतल्या खोलीत निघून गेली.

नुसतं बोलून मी थांबले नाही. वैशाखात रोह्याजवळच्या अष्टमी गावचं एक स्थळ आलं. मुलगा रोह्याच्या कंपनीत कायम, घर स्वतःचं, माणसं बरी. मी घाई केली. मनात हिशेब सरळ होता: साखरपुडा झाला की हिच्या पायातलं हे धावणं सुटेल. ती हो म्हणाली खरी, पण त्या 'हो'मध्ये माझा रेटा किती होता ते मला माहीत आहे. साखरपुडा झाला, अख्खं गाव जेवून गेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ही परत बांधावर. लेखी परीक्षा दिली, पास झाली, आणि मैदानी चाचणीला पुण्याला या म्हणून कागद आला.

 पास झाली त्या दिवशी ती नुसती निकालाची प्रत स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर ठेवून गेली. मी ती तीनदा वाचली. हिला आता अडवणारी मी कोण, असं वाटलं, आणि दाखल्यांचं माझ्याकडे दे म्हणाले. सरपंचांचं घर आमच्या आळीतच आहे. मला वाटलं, दहा मिनिटांचं काम.

आमच्या गावची सरपंच बाई आहे. जागा बायकांची निघाली म्हणून. कारभार तिचे यजमान बघतात. ग्रामपंचायतीच्या खुर्चीत ते बसतात, शिक्का ते मारतात. बाईंकडे फक्त सहीपुरता कागद जातो, तोही घरी, भाकऱ्या थापता थापता. तर त्या यजमानांनी माझा अर्ज वाचला आणि टेबलावर ठेवला.

"बाई, सुपारी फुटली ना तिची? आता अविवाहित कसं लिवायचं?"

"साखरपुडा म्हणजे लग्न नव्हे," मी म्हटलं.

"कायद्यात नसंल. गावात हाय. सुपारी फुटली की पोर तिकडची. तिकडच्यांकडनं लिवून आणा, आमची हरकत नाय म्हणून. मग बघू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण हे 'तिकडची' प्रकरण मी आधी एकदा गिळलं होतं. श्रावणातल्या उधाणाला आमच्या बांधाला खांड पडली. खांड म्हणजे बांध फुटून भगदाड पडतं आणि खारं पाणी भातात शिरतं. पुढची भरती यायच्या आत ते चिखलाने बुजवावं लागतं. त्यासाठी घरटी माणसं मोजून घेतात. मोजायची आमच्याकडे रीत आहे: दोन बायका म्हणजे एक गडी. बाई चिखलाचं तेवढंच घमेलं उचलते, तेवढ्याच खेपा घालते, पण यादीत ती अर्धी. त्या दिवशी आमच्या घरातून हे, मी आणि लेक असे तिघं गेलो. सकाळपासून ओहोटी सरेपर्यंत पोरगी मांडीएवढ्या चिखलात उभी होती. संध्याकाळी यादी वाचली तर आमच्या घराच्या नावावर दीडच गडी लिहिला होता. विचारलं तर म्हणाले, तिची सुपारी फुटली, ती आता आपल्या गावात धरत नाय. म्हणजे आधी अर्धी होती, आता शून्य झाली. तिने घातलेला चिखल मात्र गावाने ठेवून घेतला.

तेव्हा मी गप्प बसले होते. या वेळीही उठून आले, कारण तारीख जवळ आली होती आणि भांडून कागद मिळत नसतो. दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकली, कासू स्टेशनवर गाडी पकडली, रोह्याला उतरून रिक्षाने अष्टमीला गेले. लेकीला सांगितलं नाही. म्हटलं, दोन ओळी लिहून घ्यायच्या आहेत, तिला कशाला ताप.

होणाऱ्या जावयाची पहिली शिफ्ट होती, तो घरी नव्हता. विहीणबाईंनी पोहे केले, पंखा लावला, चौकशा केल्या. मी विषय काढला तशी त्यांनी बशी बाजूला सारली.

"विहीणबाई, नोकरीला आमची ना नाय. पण मिल्ट्रीत? बाईमाणसाचं काम हाय का ते? पोरगे हायेत की मरायला."

पोरगे आहेत की मरायला! हे बोलताना त्यांच्या मागच्या भिंतीवर त्यांच्याच मुलाचा फोटो होता. मी म्हटलं, "तुमच्या मुलाला पाठवाल?"

"आमचा कशाला जातोय? त्याला कंपनी हाय." आणि मग पुढे सरकून, अगदी मायेने, त्या म्हणाल्या, "उद्या तिचं काय बरंवाईट झालं, कोणाच्या हाती सापडली, तर आम्ही तोंड कुठं दाखवायचं?"

 शब्दन् शब्द माझा होता. फक्त माझ्या तोंडून तो मला काळजीसारखा वाटला होता, आणि या बाईच्या तोंडून ऐकताना नीट समजला. पोरगी कोणाच्या हाती सापडली तर तिचं काय होईल, हे त्यात कुठेच नव्हतं. आमचं तोंड होतं फक्त. तिच्या जिवापेक्षा आमचं तोंड महत्त्वाचं. मला त्या बाईचा संताप आला, आणि त्याच्या दुप्पट माझा आला. दोन्ही संताप मी तिच्यावरच काढले, हे काही बरं केलं नाही.

मी म्हटलं, "तुम्ही तोंड दाखवायचे कष्ट घेऊ नका. हे लग्न होत नाही." साखरपुड्यातली अंगठी आणि साडी दोन दिवसांत पोचती करते म्हणून सांगितलं आणि उठले. त्या हात धरत होत्या, "अशा कशा जाताय, पोहे तरी संपवा." पूल ओलांडून मी पायीच रोह्याच्या स्टँडवर आले.

घरी येऊन लेकीला सांगितलं. मला वाटलं, ती गळ्यात पडेल. ती म्हणाली, "तू मोडलंस? मला न विचारता?"

"तुझ्यासाठीच मोडलं."

"जमवलंस पण तूच, मोडलंस पण तूच. तो थांबणार होता. ट्रेनिंग झाल्यावर लग्न करू म्हणाला होता."

"मग आईसमोर का नाही बोलला?"

 ती हळूच म्हणाली, "घाबरतो गो तो आईला." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या रात्री आमच्या घरात कोणी धड जेवलं नाही. यांनी एवढंच विचारलं, "आता गावात काय सांगायचं?" 

अंगठी आणि साडी परत गेली. मी पुन्हा यजमानांसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, मोडलं. आता तर झाली ना अविवाहित? त्यांनी मान हलवली. पहिला दाखला लगेच लिहायला घेतला. मग पेन थांबवलं.

"हा देतो. पण चारित्र्याचा कसा देऊ, बाई? सुपारी मोडलेली पोर. लोकं विचारतील ना, का मोडली म्हणून. माझी सही, माझा शिक्का."

 सुपारी होती म्हणून एक कागद नाही, सुपारी मोडली म्हणून दुसरा नाही. आणि 'माझी सही' म्हणणाऱ्या त्या माणसाची तिथे सहीच नव्हती! सही बायकोची होती. मी इतकी वर्षं मुलांना शिकवते, आवाज चढवायची वेळ फार येत नाही. त्या दिवशी चढवला. ग्रामपंचायतीबाहेर दहा-पंधरा माणसं जमली. त्यातले तिघंचौघं माझ्याच हाताखाली पाढे शिकलेले. एकजणही पुढे आला नाही. एकाने मात्र मागून ऐकू येईल असं म्हटलं, "बाईंचं डोकं फिरलं." मैदानी चाचणीला तीन दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरपंच स्वतः आमच्या दारात आली. पदराखाली शिक्का, शाईची गादी आणि पंचायतीचे छापील कोरे कागद. यजमान जेवून झोपले होते. मी विचारलं, पंचायतीच्या कपाटाची चावी कशी मिळाली?

"पँटीच्या खिशात असते. पँट धुवायला माझ्याकडंच येते," ती म्हणाली. मग टेकली आणि म्हणाली, "लिव गो. मला लिवता येत नाय, सही येते. काय लिवायचं ते तू लिव."

मी दोन्ही दाखले लिहिले. स्वतःच्या मुलीचं चारित्र्य चांगलं आहे, असं स्वतःच्या हाताने लिहिताना मला लाज वाटली नाही, चीड आली. सरपंचाने खाली सही केली, एक-एक अक्षर सावकाश, आणि शिक्का एवढ्या जोरात मारला की टेबल हललं. "वरडतील," ती म्हणाली. "वरडू दे. खांडीला व्हती ना ही पोर? माझ्या बाजूला व्हती. मी बघितलंय." चहा न घेताच ती गेली. संध्याकाळी तिच्या घरातून ओरडण्याचा आवाज आळीभर आला, तो सगळ्यांनी ऐकला आणि कोणी काही बोललं नाही. मीही गेले नाही. त्याची टोचणी आहे.

लेक पुण्याला गेली, धावली, निवडली गेली. ट्रेनिंगला जाताना पेणच्या स्टँडवर तिने विचारलं, "आई, आता तरी खूश हायस ना?" मी म्हटलं, "नाही." खोटं कशाला बोलू? मला आजही तिच्या हातात बंदूक नको आहे. अष्टमीच्या त्या मुलाच्या हातात नको आहे, माझ्या वर्गात बसणाऱ्या एकाही पोराच्या हातात नको आहे. बायकांनी सैन्यात जावं का, असं मला आता शाळेत, लग्नात, कुठेही विचारतात. मी म्हणते, कोणी का जावं ते आधी सांगा, मग बायकांचं बघू. पण कोणीतरी जाणारच असेल, तर जाणारीला तुमच्या दारात अकरा दिवस उभं करू नका. स्टँडवर माझं 'नाही' ऐकून लेक हसली, माझ्या पाया पडली आणि गाडीत चढली.

ट्रेनिंग संपल्यावर तिने गणवेशातला फोटो पाठवला. तो यांनी कौतुकाने गावाच्या ग्रुपवर टाकला. चार दिवसांनी शाळेतून येताना बघते तर गावाच्या वेशीवर फ्लेक्स. 'आमच्या गावची कन्या, आमचा अभिमान.' खाली कोपऱ्यात माझी लेक, पोस्टाच्या तिकिटाएवढी. वर मधोमध सरपंचांचे यजमान, पांढऱ्या शर्टात, हात जोडून. सरपंचाचं नावही नव्हतं, फोटोही नव्हता.

आमच्या गावची! मी घरी गेले, कोयता घेतला, प्लास्टिकचं स्टूल घेतलं आणि भर दुपारी वेशीवर परत आले. स्टुलावर चढून खालच्या दोऱ्यांवर कोयता चालवायला लागले. दोन तुटल्या, पण फ्लेक्स वाऱ्याने उलटून माझ्याच तोंडावर यायला लागला. माणसं जमली. कोणीतरी ओरडलं, बाई, हे बरं नाय. स्टूल डुगडुगत होतं. मग ते एकदम घट्ट झालं. खाली बघितलं तर सरपंचाने दोन्ही हातांनी त्याचे पाय धरले होते.

"वरची दोरी आधी काप गो," ती म्हणाली. "त्याच्या डोक्याकडची. मग सगळंच खाली येल."