चित्रावरून सरकणारं नाव

आत्याचा शिवणक्लास नाशिक रोडला तिच्या घराच्या पुढच्या खोलीत भरायचा. नव्वदच्या दशकातल्या त्या दुपारी मला आता सलग आठवत नाहीत. सतरंजी, खाकी कागदाचा वास, निळ्या खडूची पूड, आणि खाली वाकलेल्या सात-आठ मुलींच्या वेण्यांवर पडलेलं खिडकीच्या जाळीचं ऊन, एवढंच डोळ्यांपुढे येतं. शाळेतून आले की मी कोपऱ्यात बसून चिंध्यांच्या घड्या घालायचे. आत्याचे हात बघता बघता मला झोप लागायची, आणि कात्रीचा आवाज झोपेतही चालू राहायचा, कुणीतरी वाळलेल्या पानांवरून सावकाश चालत गेल्यासारखा.

एखाद्या मुलीच्या मापाने ब्लाऊजचा कागद कापून झाला की आत्या त्यावर त्या मुलीचं नाव लिहायची आणि मगच तिच्या हातात द्यायची. "मैत्रिणीला देऊ नकोस. तिचं अंग वेगळं," एवढंच सांगायची.

आत्याचे यजमान, आमचे काका, तिथल्याच नोटांच्या प्रेसमध्ये होते. कामाबद्दल घरी अक्षर काढत नसत. संध्याकाळी येऊन चहा घेत आणि मुलींच्या चपला ओलांडून आत जात.

पुढे माझं लग्न झालं, मी नाशिकमध्येच इंदिरानगरला राहायला आले आणि घरी बसून लोकांच्या वेबसाइट बनवू लागले. तोवर आत्याच्या गुडघ्यांनी दगा दिला होता. तिला जमिनीवर बसवत नव्हतं, मुलीही कमी झाल्या होत्या. घरोघरी इंटरनेट यायला लागलं होतं. मी तिला म्हटलं, "आपण तुझे धडे व्हिडिओवर घेऊ. मुली पैसे भरून घरबसल्या बघतील."

"आणि चुकलं तर कोणाला विचारतील?"

"तुझा फोन नंबर देऊ."

मग ती तयार झाली. लग्नांची शूटिंग करणाऱ्या एका ओळखीच्याकडून कॅमेरा आणला आणि त्या हिवाळ्यात तिच्या गच्चीवर आम्ही धडे घेतले. सकाळचं कोवळं ऊन टेबलावर यायचं. कॅमेऱ्यात फक्त आत्याचे हात आणि कापड दिसायचं. पहिला धडा मापं कशी घ्यायची याचा होता आणि तो सगळ्यांत लांब झाला. "कंटाळतील," मी म्हटलं. "कंटाळू देत," ती म्हणाली.

वेबसाइट सुरू झाली. प्रत्येक मुलीला स्वतःचं नाव आणि पासवर्ड. आत्याने एक वही केली आणि नवी मुलगी आली की तिचं नाव, गाव लिहून ठेवू लागली. फोन यायचे. आत्या आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकायची आणि न बघितलेल्या कापडाची चूक सांगायची.

वर्षभरानंतर एका दुपारी शेजारच्या गल्लीतली मुलगी आली. पिशवीतून तिने नारिंगी रेशमी ब्लाऊज काढला. बहिणीच्या लग्नासाठी शिवलेला, आणि पाठीत इतका तोकडा की घालणं शक्य नव्हतं. तिने स्टेशनजवळच्या पथारीवरून एक सीडी घेतली होती.

"काकू, हा तुमचाच आवाज आहे ना?"

आम्ही सीडी लावली. आत्याचेच हात, आमच्याच गच्चीतलं ऊन. वर कोणतंसं भलतंच नाव आणि मागे संगीत टाकलेलं. आमच्या वेबसाइटवरून कोणीतरी सगळं उतरवून घेतलं होतं, आणि जागा पुरावी म्हणून की काय, मापांचा धडा काढून टाकला होता. सीडी थेट कापण्यापासून सुरू होत होती.

आत्या बराच वेळ ब्लाऊजच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "अशा किती जणी असतील. त्यांची नावंही मला ठाऊक नाहीत."

मला वाटलं होतं ती पैशांचं काही बोलेल. तिच्या मनात ते आलंच नव्हतं.

काका तोवर दारात येऊन उभे होते. निवृत्त होऊन त्यांना काही वर्षं झाली होती. ते मला म्हणाले, "नोट उजेडात धरलीस की आत चित्र दिसतं ना? तसं काही करता येतं का तुझ्या व्हिडिओत?" उभ्या जन्मात कामाबद्दल ते माझ्याशी बोलले ते एवढंच.

करता येत होतं. मला शिकायला महिना लागला. मग जी मुलगी पासवर्ड टाकून धडा उघडेल तिचं नाव फिकट अक्षरांत चित्रावरून हळूहळू सरकू लागलं. कोणी चोरून उतरवलं तर नावही सोबत जाणार होतं. शिवाय एक नाव एका वेळी एकाच ठिकाणी चालेल, दुसरीकडे उघडलं की पहिल्या ठिकाणचं बंद पडेल, अशीही सोय केली. पहिल्यांदा आत्याने ते पाहिलं तेव्हा तिच्या हातांवरून, कापडावरून, कात्रीच्या पात्यावरून एक नाव निघून गेलं. ती स्वतःशीच हसली. "हे छान आहे गं."

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की देवळाली कॅम्पमधल्या एका बाईच्या नावाने सकाळपासून संध्याकाळपर्यंत धडे चालू असतात. कधी पहिला, कधी अकरावा, कधी परत तिसरा. मला वाटलं, चोर सापडला. मी तिचं नाव बंद करून टाकलं. खरं सांगायचं तर मला त्यात थोडा आनंदही झाला.

दुसऱ्या दिवशी त्या बाईने आत्याला फोन केला आणि आत्याने मला. "तू बंद केलंस?"

"ती कॉपी काढतेय, आत्या."

"विचारलंस तिला?"

"नाही."

"मग चल, बघून येऊ."

आम्ही बसने गेलो. कॅम्पातले रस्ते दुपारी इतके शांत असतात की आपण कुणाच्या तरी स्वप्नातून चाललोय असं वाटतं. झाडांचे चुना लावलेले बुंधे, दूर कुठेतरी तोफांचा दबका आवाज, आणि आत्या माझ्या खांद्यावर भार टाकून एकेक पाऊल टाकत होती. त्या बाईने दार उघडलं. निफाडकडच्या शेतकरी घरातली, नवरा सैन्यात. आत आणखी चार बायका बसल्या होत्या, चार वेगवेगळ्या मुलखांतल्या. प्रत्येकीच्या मांडीवर खाकी कागद. सगळ्यांत मिळून कम्प्युटर एकच.

"बाई, आमाला चोरी नव्हती करायची," ती म्हणाली. "हिचा तिसरा धडा चालू हाय, तिचा अकरावा. आळीपाळीनं बघतो. ह्यांना मराठी येत नाय, म्हून मी सांगते."

आत्या पुढे झाली. एकीच्या हातातला ब्लाऊज घेतला, बाहीच्या मुंढ्याची शिवण उलटवून पाहिली आणि गुडघे विसरून सतरंजीवर बसली. मग दोन तास ती तिथेच होती. ब्लाऊज जिचा होता तिला भाषा येत नव्हती, ती आत्याच्या हातांकडे बघत होती, आणि मला तिच्या चेहऱ्यावर कोपऱ्यात बसलेली लहानपणची मी दिसली.

निघताना आत्याने पाचही जणींची नावं वहीत लिहून घेतली. बसमध्ये मला म्हणाली, "पाची नावं चालू कर. प्रत्येकीला तिचं नाव दिसू दे."

"आणि पासवर्डचं कुलूप?"

"ते बाकीच्या धड्यांवर असू दे. पण मापांचा धडा उघडा ठेव. पासवर्ड नको, काही नको."

मी तसंच केलं. ती सीडी कोणी काढली ते कधीच कळलं नाही. पथारीवर ती बरेच दिवस मिळत होती. काका रागाने दिसेल ती विकत घेऊन घरी आणायचे, आणि आत्या म्हणायची, "तुम्ही घेता म्हणून तो आणखी आणतो."

देवळालीच्या त्या पाची जणी पुढे बदल्यांमुळे देशभर पांगल्या. कधी कुठल्याशा थंड गावाहून, कधी वाळवंटाच्या कडेहून त्यांचे फोन यायचे. आत्या वही उघडून जुना पत्ता खोडायची, नवा लिहायची, आणि मग मला विचारायची, "हे गाव कुठे आलं गं?" मला माहीत नसायचं. आम्ही दोघी भिंतीवरच्या नकाशापाशी जायचो आणि ते गाव बोटाने शोधत उभ्या राहायचो.