तोकुजीची हाळी

जपानातल्या याइझूच्या मासळीबाजारात तोकुजी मासुझावाने सारी उमर लिलाव पुकारले. आवाज असा की धक्क्यावरच्या घारी उडायच्या, आणि मन असं की माशाच्या पोटात बर्फ कोंबून वजन वाढवलंय का, हे हात घालून बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही. घरी बायकोने, किनुएने, मिसोचं सूप पुढे ठेवलं तरी आधी वास घ्यायचा.

"इतक्या वर्षांत नाही मारलं तुम्हाला, आज मारीन होय?" ती म्हणायची.

निवृत्तीच्या सुमारास शुगो नावाचा एक केसाळ गडी माइक घेऊन बाजारात आला. "काका, आमचा हेवी मेटलचा बँड आहे. नवी सिंगल काढतोय, एकाच गाण्याची सीडी. सुरुवातीला तुमची हाळी हवी."

"कुणी पाठवलं तुला? करवाल्यांनी?"

"कुणीच नाही हो!"

"मग हे केस कशाला? ओळख लपवायला?"

सगळा बाजार हसला. तोकुजीने हाळी दिली खरी, पण नजर शुगोच्या हातांवरून हलली नाही.

हिवाळ्यात तोकुजीच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली नुसती खरखर. वसंतात शुगोचा फोन आला, सिंगल निघाली म्हणून.

"इथे पाणी मुरतंय," तोकुजी कुजबुजला. "माझं तोंड बंद झालं तेव्हाच बरी निघाली! टिंगल केली असणार."

"त्याला काय तुमच्या घशाचं स्वप्न पडलं होतं? चला, ऐकूनच येऊ."

स्टेशनजवळच्या सीडीच्या दुकानात दुकानदारीणबाईने सिंगल लावली. हाळी भिंतींवर आदळली आणि मागोमाग गिटारी तुटून पडल्या. तोकुजी गिऱ्हाइकांची तोंडं न्याहाळत होता. कोण हसतंय? कुणीच नाही. गणवेशातल्या दोन मुली डोळे मिटून माना झटकत होत्या.

"यांना पढवून ठेवलंय."

किनुए रडत होती. तोकुजीने तिच्याकडेही संशयाने पाहिलं, बराच वेळ. मग रुमाल काढून तिच्या हातात कोंबला आणि दुकानदारीणबाईला दोन बोटं दाखवली.

"दोन कशाला?" किनुएने विचारलं.

"एकीत काही भलतंच घातलं असेल तर? ताडून बघायला नको?"

घरी त्याने दोन्ही लावून पाहिल्या. तंतोतंत सारख्या.

"पहिलीत आवाज जरा बारीक वाटतोय," तो म्हणाला.

"वाटतोय खरा," किनुए म्हणाली. "लावा बघू पुन्हा."