राशीनच्या दीपमाळेखाली

भिंगारच्या चाळीतून निघताना आईने मला दारातच धरले. "सुमे, देवीचं दर्शन घ्या, पोटभर बघा. पर ह्यांना त्या दीपमाळंवर चढू द्यायचं न्हाई. काय झालं तर मी तुलाच इचारनार, सांगून ठिवते."

बाबा पायांत वहाणा सरकवत होते. "खालूनच बघनार हाय मी," ते म्हणाले. त्यांचा सूर इतका गरीब होता की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

बाबांना हृदयाचे दुखणे सुरू होऊन चार महिने झाले होते. डॉक्टरांनी जिना चढायला सक्त मनाई केली होती, आणि छातीत कळ आली तर जिभेखाली ठेवायला बारीक गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्यांची बाटली माझ्या पर्समध्ये होती. एस.टी. स्टँडवर पोचेपर्यंत मी ती चारदा चाचपून पाहिली. मी पडले मास्तरीण. सहलीला गेले की दर दहा मिनिटांनी पोरांची डोकी मोजते. आज मोजायला एकच डोके होते, तरी जीव टांगणीला लागलेला.

खरे तर आम्हा नगरकरांना आपला जिल्हा बघायला कधी सवडच होत नाही. चांदबिबीचा महाल रोज लांबून दिसतो, म्हणून तिथे कोणी जात नाही. बाबांनी चाळीस वर्षे लष्कराच्या इमारतींवर गवंडीकाम केले, पण राशीनची हलती दीपमाळ काही पाहिली नव्हती. देवळापुढच्या ह्या माळेच्या पोटात जिना आहे, वर जाऊन आडवे लाकूड हलवले की अख्खी माळ डुलते, असे ते लहानपणापासून ऐकत आलेले.

"हललं की बांधकाम पडतं," गाडीत ते म्हणाले. "जन्मभर हेच शिकलो, हेच पोरांना शिकवलं. मंग ही का पडत न्हाई? डोळे मिटायच्या आत येकदा बघू दे की."

"असलं काही बोलू नका हो!" मी म्हणाले आणि पुन्हा पर्स चाचपली.

बाहत्तरच्या दुष्काळाचे दिवस. सोलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना माळरान नुसते भाजून निघालेले. जागोजागी दुष्काळी काम चालू होते. बाया डोक्यावर फडकी बांधून रस्त्यासाठी खडी फोडत बसल्या होत्या. मिरजगावला आमच्या गाडीचे इंजिन तापले. ड्रायव्हर डबा घेऊन दारोदार हिंडला. शेवटी एका हॉटेलवाल्याने भांडी विसळलेले पाणी दिले, म्हणाला, "पिन्यापुरतंच हाय राव, इंजनाला कुटलं देऊ?" तासभर उन्हात खोळंबा. बाकावर बसून आम्ही रेशनच्या तांबड्या ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाल्ला. बाबांच्या कपाळावर घाम दिसला. "छातीत दुखतंय का?" मी विचारले. "ठेचा तिखट हाय," ते म्हणाले.

राशीनला उतरलो तेव्हा ऊन कलले होते. देवीचे दर्शन घेऊन बाहेर आलो आणि बाबा माळेपुढे उभेच राहिले. माळ चांगली उंच, चुन्यात बांधलेली, वर निमुळती होत गेलेली. त्यांनी तिच्यावरून असा हात फिरवला, जसा कोणी बैलाच्या पाठीवरून फिरवतो. माझी बोटे त्यांच्या सदऱ्यात अडकलेली होती.

"सुमे, घसा सुकलाय गं. वाईच पानी आन."

आडावर ही रांग! तांब्याभर पाणी मिळायला अर्धा तास लागला. परत आले तर बाबा नव्हते. माळेच्या बुटक्या दारापाशी त्यांच्या वहाणा होत्या, शेजारी शेजारी नीट काढून ठेवलेल्या.

तांब्या मी तिथेच खाली ठेवला. गोळ्या पर्समध्ये, पर्स माझ्या काखेत, आणि बाबा वर! मी दाराकडे धावले, तसा देवळाचा गुरव आडवा आला. "बाई, जिना येका मानसाचा हाय. मधीच अडकाल दोघं. येतील की खाली."

"अहो, त्यांना हृदयाचा त्रास आहे!"

"मला काय म्हायती? मला म्हनले, मी गवंडी हाय."

दाराशी हळदकुंकू विकणाऱ्या म्हातारीने माझा हात ओढला आणि माळेवर ठेवला. "हितं ठिव. कळंल तुला."

आणि तळहाताखाली माळ हलली. देवाशपथ सांगते, आधी मला माझाच हात कापतोय असे वाटले. मग पुन्हा हलली. शेंड्याकडे पाहिले तर तो आभाळात इकडून तिकडे डुलत होता. थांबेचना! मी दगडासारखी उभी.

"अगं, आवाज दे की!" म्हातारी ओरडली. "खालच्यानं 'हलली' म्हनल्याबिगर वरचा थांबत न्हाई. रीतच हाय हितली. गुरवानं सांगितलंय त्यांना."

"मग द्या ना तुम्ही आवाज!"

"आमचा चालत न्हाई. ज्याचं मानूस वर, त्यानंच द्यायचा."

म्हणजे इतका वेळ ते माझीच वाट बघत जीव खाऊन लाकूड हलवत होते! मी मान वर केली. होता नव्हता तेवढा आवाज काढला. "हलली! बाबा, हलली!"

माळ थांबली. ते तर अधिकच वाईट, कारण आता हाताला काहीच कळेना. वरून हाक नाही, पावलांचा आवाज नाही. मी जगदंबेला काय काय बोलले असेन, तिचे तिलाच ठाऊक.

बऱ्याच वेळाने बाबा दारातून वाकून बाहेर आले. खांदे, पाठ चुन्याने पांढरी, चेहरा घामाने निथळत होता. पायरीवर बसले. मी गोळी पुढे केली, ती त्यांनी मुकाट्याने जिभेखाली ठेवली. मग मी रडले आणि भांडलेही. देवळातली माणसे बघत राहिली.

"केवढा येळ लावलास गं," ते धापा टाकत म्हणाले. "मला वाटलं, माज्यानं हलतच न्हाई." मग माळेला हात लावून, "चुना हाय, म्हनून टिकली. सिमिटात घट्ट आवळली आसती तर कवाच गेली आसती."

परतीच्या गाडीत ते खिडकीला टेकून झोपले. दर दोन-चार मैलांनी मी "बाबा?" म्हणायची, ते "हं" म्हणायचे. रुईछत्तिशीच्या पुढे "हं" आले नाही. मी दोन्ही हातांनी त्यांना गदागदा हलवले.

"हलली, हलली," डोळे न उघडता ते म्हणाले. "झोपू दे आता."

प्रवासात माणूस काय बघायला जातो आणि काय बघून येतो! दीपमाळ कशी होती, हे मला आजही कोणाला धड सांगता येत नाही. त्या वहाणा तेवढ्या आठवतात.

घरी पोचलो तेव्हा आई दारातच उभी होती. तिने बाबांकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी दिवसभर जुळवलेली सबब विसरले. "चढले गं," मी म्हणाले.

आता बरसणार, म्हणून आम्ही दोघेही खाली मान घालून उभे राहिलो.  पण बाबांना पाठमोरे फिरवून आईने पदराने त्यांच्या पाठीवरचा चुना झटकला, आणि झटकून झाल्यावर तळहात तिथेच ठेवून उभी राहिली.